बिनझाकणाची बरणी

लोक काश्मीरला नाहीतर सिंगापूरला जाऊन येतात आणि मग प्रवासवर्णन लिहितात. मी कळवणच्या अलीकडे एक झाकण आणायला गेले होते, त्याचं लिहिते आहे. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत ज्या त्या बाईने मला जिन्यात अडवून विचारलं, "अहो, तुम्ही म्हणे झाकणासाठी एसटीने गेलात?" हो, गेले. एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे जिन्यात उभं राहावं लागणार नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. आमच्या घरी चिनी मातीची एक निळी बरणी आहे. पोटाला गोल, गळ्याशी आखूड, निळ्या अंगावर तडकल्यासारख्या रेघा आणि त्यावर विखुरलेली पांढरी फुलं. पणजोबांचा मखमलाबादच्या बाजूला फुलांचा मळा होता आणि पंचवटीतल्या एका सरदारांकडे रोज पूजेची फुलं आमच्या मळ्यातून जात. सरदारांनी नाशिक सोडलं तेव्हा जाताजाता ही बरणी पणजोबांच्या हातात ठेवली. फुलं पिकवणाऱ्यांचं घर, पण बरणीवरची फुलं कशाची यावर आमच्यात कधी एकमत झालं नाही. आई म्हणायची पेरूची. बाबा म्हणायचे असली फुलं आपल्याकडे होतच नाहीत.

बाबा शाळामास्तर होते. "आमच्या घराण्यात तीनशे वर्षांपूर्वीची चिनी वस्तू आहे," असं ते कुणालाही सांगत. ऐकणारे मान डोलावत आणि पाठ वळली की हसत. चीनशी लढाई झाली त्या दिवसांत तर शाळेत त्यांचं नावच चिनी मास्तर पडलं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. मी मात्र घेतलं. त्यांच्या माघारीही कुणी "चिनी मास्तरांची मुलगी" म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आता झाकणाचं. आमच्याकडे भावाभावांत वाटणी करायची रीत अशी, की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला वाटे करताना लबाडी करत नाही. बाबा थोरले. त्यांनी भांड्यांचे वाटे मांडले, आणि इतके काटेकोर की बरणी हा एक नग आणि तिचं झाकण हा दुसरा नग धरला. धाकट्या काकांच्या वतीने काकू पुढे झाली आणि तिने सगळ्यांदेखत बरणी सोडून नुसतं झाकण उचललं. त्या दिवसापासून आई बरणीच्या तोंडावर नुसता फडक्याचा दादरा बांधून लोणचं घालत आली, आणि त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. काका काकूच्या माहेराकडे, कळवणच्या बाजूला जमीन घेऊन गेले ते तिकडचेच झाले. पुढे काका गेले, बाबा गेले, तरी अबोला सुटला नाही.

त्या वर्षी गणपतीत पुण्याला राहणारा माझा धाकटा भाऊ वसंता मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घेऊन आला. त्याने बरणी उचलली, बूड पाहिलं, नखाने टिचकी मारली. "खाली शिक्का नाही, झाकण नाही. चाळीसपन्नास वर्षांची असेल. शोभेची म्हणून घेईन." कोजागिरी झाली की येऊन नेतो म्हणाला. तो गेल्यावर वसंता म्हणाला, "ताई, बाबांना रंगवून सांगायची सवयच होती गं."

मी त्याच्यासमोर ठेवलेला चहा उचलून आत नेला. कोजागिरीच्या आत बरणीचं खरं वय काढायचं, हे मी मोरीपाशी उभ्या उभ्या ठरवलं. चाळीस निघालं तर चाळीस. पण ते माहितगाराच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि बाबा थापाडे होते की नव्हते याचा एकदाचा निकाल लावायचा होता.

देवळाली कॅम्प

माहितगार जवळच सापडली. देवळाली कॅम्पात पारशांचे जुने बंगले आहेत, त्यातल्या एकात रोशनबाई राहतात. त्यांच्या घराण्यातले पुरुष एके काळी चीनशी व्यापार करत. लहानपणी त्यांनी चिनी बशांतून जेवण केलं आणि मोठेपणी मुंबईच्या संग्रहालयात तसल्याच बशांची निगराणी केली. गुडघे गेल्यापासून देवळालीची हवा धरून आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बरणी गोधडीत गुंडाळून रिक्षाने तिथे पोचले.

पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा आला. आपल्याकडे पुदिना चटणीत असतो, चहात तो कसा लागेल याची मला धास्ती होती, पण दोन कप प्यायले. मी बरणीचं कौतुक सांगायला लागले तर रोशनबाईंनी हात वर केला. "तू बोलू नको, डिकरी. तिला बोलू दे." आणि त्यांनी बरणी सरळ उताणी केली.

"चित्र अगोदर बघायचा नाय. चित्र कोण पण काढते. बूड बघायचा. ते कोण बघणार म्हणून खोटा माणूस तिथे आळस करते."

बरणी ज्या कडेवर उभी राहते तिथे झिलई नसते, माती उघडी असते. माझा अंगठा धरून त्यांनी त्या कडेवरून फिरवला. जुन्या चांगल्या कामाची माती तांदळाच्या बारीक पिठासारखी पांढरी आणि घट्ट असते. झिलई जिथे संपते तिथे भट्टीच्या आचेने पिवळट तांबूस रेघ उमटते. आमच्या बरणीची कड तेलाने काळवंडलेली, त्यामुळे दोन्हींचा नीट पत्ता लागेना. बुडाच्या मधोमध दोन निळी वर्तुळं होती आणि आत काहीच नव्हतं.

"व्यापारी म्हणाला शिक्का नाही," मी म्हटलं.

"व्यापाऱ्याला थोडाच येते. तीनशे वर्षांपूर्वीच्या चांगल्या मालावर पण अशी दोन रिकामी वर्तुळं असतात. आणि नकल करणारा पण हेच काढते. वर्तुळावरून हो नाय आणि ना पण नाय."

मग त्यांनी भिंगातून निळा रंग पाहिला. हा निळा झिलईच्या खाली असतो, म्हणून घासून जात नाही. फुलं प्लमची, आणि तडकल्यासारख्या रेघा म्हणजे तडकलेला बर्फ. थंडी संपताना बर्फ फुटतो आणि त्यावर फुलं गळतात, म्हणून चिनी लोक नव्या वर्षाला अशा बरणीत भेट पाठवत. बाबा बरोबर होते, आपल्याकडे असली फुलं होत नाहीत.

"मग?" मी विचारलं.

रोशनबाईंनी बराच वेळ बरणीच्या गळ्यावर बोट फिरवलं. "मन डगमगते. शंभर टक्के बोलत नाय. झाकण पाहिजे. झाकणाची आतली कड आणि बरणीचा गळा, दोन्हीकडे माती उघडी. दोन्ही एका मातीची असली तर माझा डाउट जाईल. झाकण कुठे?"

"काकूकडे."

"तर काकूकडे जा ना!" त्या म्हणाल्या, जणू काकू शेजारच्या बंगल्यात होती.

सीबीएस ते नांदुरी

घरी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "तिच्या दारात बरणी घेऊन जाणार तू?" एवढंच म्हणाली आणि काड्याही भाजीतच टाकत राहिली. बरणीतलं लोणचं तिने आधीच काचेच्या बाटलीत काढून ठेवलं होतं, तेव्हा मनातून तिलाही निकाल हवा असणार असं मी धरून चालले.

झाकण इकडे आणायचं की बरणी तिकडे न्यायची, यावर मी फार विचार केला नाही. काकू झाकण हातात देणार नाही हे उघड होतं. माझी उभी हयात टपाल खात्याच्या नोकरीत गेली. पार्सल कसं फुटतं हे मी जितकं पाहिलंय तितकं कुणी पाहिलं नसेल. बरणीच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे, गळ्याभोवती जुन्या लुगड्याचा वेढा, बाहेर गोधडी, गोधडीला सुतळी. तोंडावर आईने स्वतः दादरा बांधला. घरातला नेहमीचा लाल खारव्याच्या कापडाचा.

दसरा झाला होता, कोजागिरी यायची होती. हे दिवस वणीच्या देवीचे. गडावर सप्तशृंगीला पाण्याने न्हाऊ घालायचं म्हणून गावोगावचे लोक नदीचं पाणी कावडीतून घेऊन निघतात. सीबीएसच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी गर्दीत कोपर मारायला तयारच होते, पण मांडीएवढं गाठोडं, वर लाल फडकं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, हे पाहून लोक आपोआप बाजूला सरायला लागले. कंडक्टरने एका धडधाकट माणसाला उठवून मला खिडकीची जागा दिली.

दिंडोरीपर्यंत मला कळलंच नाही. द्राक्षांच्या बागांत छाटणी चालली होती, करंड्यांत टोमॅटो भरून ट्रॅक्टर चालले होते, आणि शेजारची बाई सारखी माझ्या गाठोड्याला हात लावून तो हात कपाळाला लावत होती.

"गंगंचं पाणी हाय ना?" तिने शेवटी विचारलं. "रामकुंडावरून भरलं का?"

"नाही हो, बरणी आहे."

"लोणच्याची?"

"रिकामी आहे."

ती जरा दूर सरकली. "रिकामी बरणी घेऊन कुढं चालली मग?"

"झाकण आणायला."

तिने मागच्या बाकावरच्या बाईला हे सांगितलं, तिने तिच्या नवऱ्याला, आणि वणी येईस्तोवर अख्ख्या गाडीला माझं काम ठाऊक झालं होतं. एक म्हातारबाबा म्हणाले, "अवो, बोहारणीकडं दुसरं झाकण भेटंल की!" जागा मात्र कुणी परत मागितली नाही.

नांदुरीच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. गडाच्या पायथ्याला सगळे उतरले आणि डोंगराकडे तोंड करून हात जोडते झाले. मीही जोडले असते, पण हातात बरणी होती. तिथून पुढे काळीपिवळी जीप मिळाली. तिच्यात ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती आणि तो मधून कसाबसा स्टिअरिंग फिरवत होता. टपाल खात्यात असं पार्सल मी परत पाठवलं असतं.

काकूचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. काकूने बजावलंय, "लिवलं तर लोक बघाया येतील आन् माझं दही नासवतील." तेव्हा एवढंच, की गडाचा डोंगर तिथून पाठमोरा दिसतो, आणि नाशिकहून पाहिलेल्या डोंगराशी त्याचं काही साम्य नाही.

आमच्या सोसायटीत पाहुणा आला की बेल वाजते, भोकातून डोळा दिसतो, साखळी खळखळते. इथे घराला दारच नव्हतं म्हणायचं, सताड उघडं. काकू ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. वाळून गेली होती, पण नाकातली चमकी तीच.

"कोण गं?"

"मी शालू. मास्तरांची."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे. इतक्या वर्षांनी नुसत्या आकारावरून तिने ओळखलं. "बरणी आणली व्हय? कशापायी?"

मी सगळं सांगितलं. व्यापारी, वसंता, रोशनबाई. काकूने शेंगा फोडणं थांबवलं नाही. "दादरा बांधलाय," ती मधेच म्हणाली. "तिनंच बांधला आसंल. गाठ तिचीच हाय."

"काकू, झाकण बघायचंय."

"आदी जेव."

इथे जेवणाआधी कामाचं बोलत नाहीत हे एक, आणि जेवताना नाही म्हणत नाहीत हे दुसरं. नागलीची, म्हणजे नाचणीची काळसर भाकरी, उडदाची आमटी, पाट्यावर वाटलेला ठेचा. मग काकूच्या सुनेने माझ्या ताटलीत दह्याची वडी वाढली. वडीच म्हणते, कारण ती कापलेली होती. असलं दही मी नाशकात कधी खाल्लेलं नाही.

"कशात लावता हो हे?" मी सहज विचारलं.

"झाकणात," काकू म्हणाली.

माझा घास हातात राहिला. चुलीच्या उबेला कोपऱ्यात डोक्यावर घ्यायची फडक्याची चुंबळ होती, चुंबळीवर काहीतरी निळं बसवलं होतं आणि वर पितळी ताटली. झाकण उलटं केलं की त्याचं वाडगं होतं, माथा जरा फुगीर म्हणून खाली चुंबळ. मी उठले तर काकू ओरडली, "आत्ताच विरजलंय! हलवलं तर पाणी सुटंल. सकाळी बघ."

"मी इतक्या लांबून आले हो."

"मंग? दह्याला काय ठावं तू लांबून आली ते."

राहिले. दुसरा इलाज नव्हता.

सकाळी दही काढून सुनेने झाकण धुतलं. राख चिंच लावू नको, नुसत्या पाण्याने धू, असं मी तिच्या डोक्यावर उभं राहून सांगितलं. मग बरणी सोडली, ओट्यावर गोधडीवर ठेवली, दादरा काढला. काकूने झाकण स्वतःच्या हाताने गळ्यावर बसवलं आणि हात काढला.

झाकण डुगडुगलं.

काकूने ते फिरवून बसवलं. पुन्हा डुगडुगलं. गळा बारीक आणि झाकण ऐसपैस, मधे बोट जाईल एवढी फट. "आसं कसं?" काकू म्हणाली. "आम्ही तर रोज बसवायचो." मग तीच थबकली. "खाली दादरा आसायचा. फडकं घालूनच बसवायचो. नुसतं कदी बसवलंच नाय."

हुंदका आला होता आणि तो सुनेसमोर काढायचा नव्हता. झाकण दुसऱ्याच कुठल्या बरणीचं, बरणीला तिचं झाकण नाही, आणि बाबांच्या तीनशे वर्षांना आता धरायला काही उरलं नाही. चिनी मास्तर.

पण काकूकडे पाहिलं तर ती माझ्याहून पडल्या चेहऱ्याने बसली होती. "शालू, मी हे झाकण का उचललं ठावं हाय? बरणी घेतली आसती तर लोक म्हणले आसते, हावरट. झाकण घेतलं म्हंजी कुणी काय म्हणायचं नाय आन् तिची बरणी जलमभर उघडी ऱ्हायची. लय राग होता मला. तिनं वाटणीच्या आदल्या सालात माझ्या आईला शिळं वाढलं होतं." मग झाकणाला बोट लावून ती म्हणाली, "आन् आता बघती तर हे तिच्या बरणीचं नव्हंच."

मला हसू आलं. हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडले. मग तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली.

हसणं ओसरल्यावर मी रोशनबाईंचं ऐकायचं ठरवलं. चित्र बघायचं नाही. झाकण उपडं करून त्याच्या कडेवर अंगठा फिरवला. माती पांढरी, बारीक, घट्ट, आणि झिलईच्या काठाला केसासारखी तांबूस रेघ. मग बरणीच्या गळ्यावर फिरवला. तिथली माती करडट होती, हाताला खडूसारखी लागत होती आणि रेघ नव्हती. मग चित्र पाहिलं. झाकणावरच्या बर्फाच्या चिरा कुठे गडद, कुठे फिक्या, पाण्यात शिरल्यासारख्या खोल. बरणीवरच्या सगळ्या एका मापाच्या. आयुष्यभर बरणी पुसत आले, पण त्या चिरा निर्जीव आहेत हे झाकण शेजारी असल्याशिवाय दिसायचं नव्हतं.

मनात एक शंका आली. पण मी टपालवाली, पारखी नव्हे. "काकू, हे झाकण देवळालीला न्यायला हवं."

"माझं झाकण घराभाईर जात नाय. त्या पारशिणीला म्हणावं हिकडं ये."

"तिचे गुडघे गेलेत."

"माझे काय लोखंडाचे हायेत?" काकू म्हणाली, आणि उठून कासोटा नीट केला. डबीत विरजण घेतलं, झाकण फडक्यात बांधून पदराआड धरलं. "चल. झाकण माझ्या हातात ऱ्हाईल, आन् बरणी तुझ्या. मधे कुणाला द्यायची नाय."

पुन्हा गंगापूर रोड

आमच्या दारात काकू उभी राहिली तेव्हा आई आरामखुर्चीत होती. उठली नाही. काकूही आत आली नाही. मी दोघींच्या मधे बरणी घेऊन उभी.

"तिला सांग, आत ये म्हणावं. वारं येतंय," आई मला म्हणाली.

काकू आत आली, जमिनीवर बसली. "तिला इचार, लोणचं घालती का आजून."

"सांग, घालते. दादरा बांधून घालते."

रात्रीचं जेवण माझ्यामार्फत झालं. मीठसुद्धा एकीने माझ्याकडे मागितलं आणि दुसरीने माझ्या हातात दिलं. टपाल खात्याची नोकरी संपली असं मला उगीच वाटलं होतं.

पुन्हा देवळाली

सकाळी रिक्षात आम्ही तिघी बसलो. माझ्या मांडीवर बरणी, काकूच्या मांडीवर झाकण. आईला घरी राहायला सांगितलं होतं, पण ती आमच्याआधी रिक्षात जाऊन बसली होती.

रोशनबाईंनी दोन्ही वस्तू खिडकीशी उजेडात ठेवल्या. बरणी त्यांनी आधी पाहिलीच होती. झाकण उचललं, उलटं केलं, कडेवर अंगठा फिरवला आणि मग तसाच पुन्हा फिरवला. भिंग लावलं.

"हे कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझं," काकू म्हणाली. "दही लावती त्यात. काय बिगडलं का?"

"दह्याला याचा काय पण बिगाडता येत नाय. रंग झिलईच्या खाली आहे." रोशनबाईंनी भिंग खाली ठेवलं. "बरणी नकल आहे. चांगली नकल, चीनचीच, पण शंभर वर्षांच्या आसपासची. व्यापाऱ्याने वय कमी सांगितला, पण शोभेची बोलला ते बरोबर. आणि हे झाकण…" त्यांनी ते दोन्ही हातांनी काकूच्या ओंजळीत परत दिलं. "हे अस्सल. तीनशे वर्षांचा. याची असली बरणी कधी तरी फुटली असणार. सरदाराच्या माणसांनी झाकणासाठी दुसरी बरणी शोधली. तुझा बाप खोटा बोलत नव्हता, डिकरी."

इतकी वर्षं हे ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर काय करायचं ते ठरवलंच नव्हतं. रडले. सरळ रडले, भोकाड पसरून, परक्याच्या घरात.

"याची किंमत?" काकूने विचारलं.

"एकट्या झाकणाला बाजारात कोण विचारते? पण ज्याच्याकडे अस्सल बरणी आहे आणि झाकण नाय, तो तुझ्या दारात येऊन बसेल. तू मागेल ते देईल."

काकूने झाकण पदराआड केलं.

तेव्हा आई बोलली. इतक्या वेळात पहिल्यांदा, आणि माझ्याकडे न बघता. "वाटणी झाली त्या दिवशी घरी आल्यावर हे मला म्हणाले, 'धाकटीने बरोबर वस्तू उचलली.' मला वाटलं, मला टोमणा मारतायत. धाकटीला अक्कल आहे आणि तुला नाही, असं." तिने काकूच्या पदराकडे पाहिलं. "त्यांना माहीत होतं गं. धाकट्याने आधी उचलायचं म्हणून झाकण वेगळं मांडलं, आणि मग कुणाला काही बोलले नाहीत."

काकूने मान वर केली. "बाई, मी अकलेनं नाय उचललं. रागानं उचललं."

"कळलं मला," आई म्हणाली. "आणि तुझ्या आईला मी शिळं वाढलं ते खरं आहे."

रोशनबाईंनी पुदिन्याचा चहा मागवला. काकूने एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "चटणीचं पाणी हाय."

निकाल

काकू दोन दिवस राहिली आणि झाकण घेऊन गेली. ठेवून जा असं कुणी म्हणालं नाही. जाताना आमच्या पातेल्यात तिच्या डबीतलं विरजण लावून गेली. ते दही आंबट झालं, स्टीलच्या पातेल्याचा दोष असं आईचं मत पडलं.

कोजागिरीनंतर व्यापारी ठरल्याप्रमाणे आला. वसंताही पुण्याहून आला होता. बरणीत पुन्हा लोणचं पाहून दोघांचेही चेहरे उतरले. मी बरणीचं खरं वय सांगितलं, विकायची नाही हेही सांगितलं. व्यापारी हसत उठला. चपला घालता घालता वसंताला म्हणाला, "बाई खऱ्या आहेत. नाहीतर नाशकात ज्याच्या त्याच्या घरी तीनशे वर्षांची बरणी असते."

आई आरामखुर्चीतून उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली.

"बरणी नाही," ती म्हणाली. "झाकण. तीनशे वर्षांचं. मास्तर सांगायचे ते तेच." वसंताने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

व्यापाऱ्याचा पाय चपलेतच राहिला. "कुठे आहे? बघू शकतो?"

"माझ्या जावेकडे आहे," आई म्हणाली. "ती त्यात दही लावते. द्यायची नाही ती."